टाकाचा दाब, तांब्याची रेघ

स्नेल राउंडहँड हा औपचारिक सुलेखनाच्या वळणाचा फॉन्ट आहे. मॅथ्यू कार्टर या इंग्लिश अक्षररचनाकाराने तो १९६५ साली मर्गेन्थेलर लायनोटाइप कंपनीसाठी तयार केला आणि पुढच्या वर्षी तो बाजारात आला. उजवीकडे झुकलेली, एकातून दुसरे निघत जाणारी अक्षरे, खाली येताना भरणारी आणि वर जाताना केसाइतकी बारीक होणारी रेघ आणि मोठ्या अक्षरांची लफ्फेदार वळणे ही त्याची ओळख. इंग्रजी लग्नपत्रिकेवरची वधूवरांची नावे, प्रमाणपत्रावरचे स्नातकाचे नाव, अत्तराच्या खोक्यावरचा एखादा शब्द अशा जागी हे वळण हटकून दिसते. मराठी शाळांत इंग्रजीची जी तिसरी आणि चौथी लिपी गिरवून घेत, तिचे मूळ घराणे हेच.

हा फॉन्ट कुठे शोभतो आणि कुठे फसतो याचे बहुतेक नियम त्याच्या जन्मातच आहेत. त्याची रेघ आधी लवचीक टोकाच्या लेखणीने ओढली गेली, मग तांब्याच्या पत्र्यावर कोरली गेली. छापखान्याचे खिळे, फोटोची फिल्म आणि संगणक हे सगळे नंतर आले. त्यामुळे सुरुवात लेखणीपासूनच करावी लागते.

लेखणीच्या दोन मुख्य जाती आहेत. पहिली रुंद, चपट्या टोकाची. मराठी माणसाला ठाऊक असलेला बोरू या जातीचा. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते. तो एकाच कोनात धरून हात फिरवला की दिशेप्रमाणे रेघ आपोआप जाड किंवा बारीक उमटते, दाब द्यावा लागत नाही. देवनागरीतले जाड-बारीक या कोनातून आले आहे. युरोपात इटालियन चॅन्सरी वळणही अशाच लेखणीचे. लुडोविको अरिगी याने १५२२ साली रोममध्ये ‘ला ओपेरिना’ या छोट्या पुस्तकात त्याचा कित्ता दिला. कार्यालयांतल्या संगणकांवर सर्रास आढळणारा मोनोटाइप कोर्सिव्हा हा पॅट्रिशिया सॉन्डर्स यांचा १९९१चा फॉन्ट या चॅन्सरीच्या वंशातला. पुष्कळदा तो आणि राउंडहँड यांना एकच समजले जाते. पण कोर्सिव्हाची अक्षरे सुटी असतात आणि त्यांची जाडी कोनाची असते.

दुसरी लेखणी टोकदार आणि लवचीक. १७व्या-१८व्या शतकात ती हंसाच्या पिसाची असे, बारीक टोकाची आणि मधोमध चीर दिलेली. खाली ओढताना बोटाने दाब दिला की चिरेचे दोन भाग फाकतात आणि रेघ रुंदावते. दाब काढला की भाग मिटतात आणि रेघ पुन्हा बारीक होते. १९व्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी हेच काम पोलादी निबांकडे दिले. टाक-दौत वापरलेल्या पिढीला हा अनुभव हाताने माहीत आहे: निब वर ढकलताना जोर लावला तर ती कागदात रुतते आणि शाईचा शिंतोडा उडतो. म्हणून वर जाणारी रेघ हलकी आणि खाली येणारी रेघ भरीव ठेवावी लागते. राउंडहँडमधली जाडी अशी बोटाच्या दाबातून येते. ती हळूहळू वाढते, मध्यावर पूर्ण भरते आणि हळूहळू ओसरते. या फॉन्टचा सारा डौल त्या भरण्या-ओसरण्यात आहे.

हे वळण इंग्लंडमध्ये रुजले ते कारकुनीच्या आणि व्यापाराच्या गरजेतून. इटालियन आणि फ्रेंच वळणे घेऊन तिथल्या लेखनशिक्षकांनी त्यांना वेगवान आणि वाचायला सोपे रूप दिले. लेखणी कमी वेळा उचलायची, अक्षरे एकमेकांत गुंफायची, गोलाई राखायची, म्हणून नाव राउंडहँड. चार्ल्स स्नेल हा लंडनचा लेखनशिक्षक. त्याचे ‘द पेनमन्स ट्रेझरी ओपन्ड’ हे कित्त्यांचे पुस्तक १६९४ साली निघाले. १७१४ साली त्याने राउंडहँडचे प्रमाण नियम गणिताच्या आधारे मांडले. त्या काळातल्या अनेक उस्तादांना एका झटक्यात पक्षी, मासे आणि वेलबुट्टी काढून दाखवण्याचा सोस होता. स्नेल त्याच्या विरोधात होता. अक्षर साधे, प्रमाणबद्ध आणि कामाचे असावे असे त्याचे मत. हा माणूस हिशेबनीसही होता. १७२०चा साउथ सी कंपनीचा घोटाळा फुटल्यावर संबंधित एका पेढीच्या वह्या तपासून त्याने जो अहवाल लिहिला, त्याचा उल्लेख लेखापरीक्षणाच्या इतिहासात आजही होतो. आज लग्नपत्रिकेवर मिरवणारे अक्षर हिशेबाच्या वह्यांसाठी घडवलेले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्या शोभेखाली शिस्त आहे ती त्यामुळेच.

या वळणाला कॉपरप्लेट असेही म्हणतात. कारण सोपे आहे. कित्त्यांची पुस्तके खिळ्यांनी छापता येत नसत, म्हणून लेखनशिक्षकाचे अक्षर कोरक्या तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरत असे. कोरलेल्या खाचेत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद जोराने दाबायचा. खाचेतली शाई कागदावर चढते. लाकडात किंवा शिशात टिकणार नाही इतकी बारीक रेघ तांब्यात टिकते. शिवाय कोरणीचे टोक जितके खोल जाईल तितकी रेघ रुंद होते, म्हणजे लेखणीच्या दाबाची नक्कल कोरणी हुबेहूब करू शकते. जॉर्ज बिकम या कोरक्याने १७३३ ते १७४१ या काळात ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हा ग्रंथ भागाभागाने काढला. त्यात अनेक उस्तादांच्या हाताचे नमुने असलेले २१२ पत्रे आहेत. पुढे लेखणी तांब्याशी स्पर्धा करू लागली: शिकणारे विद्यार्थी हाताने लिहिलेले नव्हे, कोरून छापलेले अक्षर समोर ठेवून गिरवत होते. मूळ हातापेक्षा जास्त रेखीव आणि जास्त बारीक असा आदर्श त्यामुळे तयार झाला.

व्यापारी वह्यांबरोबर हे वळण जगभर गेले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ची सुवाच्य प्रत टिमथी मॅटलॅक याने याच धर्तीच्या अक्षरात लिहिली असे मानले जाते. बँक ऑफ इंग्लंडच्या जुन्या नोटांवर पैसे देण्याचे वचन याच अक्षरात असे. तांब्यात कोरलेल्या बारीक रेघांची नक्कल करणे अवघड, हाही त्यामागचा हिशेब. कायदेशीर दस्तऐवज आणि सनदांवर हे अक्षर इतकी वर्षे राहिले की त्याला अधिकाराचा आणि समारंभाचा अर्थ चिकटला. आजचा वापर त्या पुण्याईवर चालतो.

फॉन्टकडे येण्यापूर्वी या अक्षरांची बांधणी पाहू. अक्षर उभ्या रेषेपासून सुमारे ३५ अंश झुकलेले असते. एवढा कल साध्या इटालिक फॉन्टमध्ये नसतो. लहान अक्षरांतली ‘ए’, ‘डी’, ‘जी’, ‘क्यू’ ही सगळी एकाच तिरप्या लंबगोलावर उभी राहतात. ‘एन’, ‘एम’, ‘एच’ यांत बारीक रेघ खांबाच्या पायथ्याशी फुटते, कमान घेते आणि मग भरीव होऊन खाली उतरते. ‘एल’, ‘बी’, ‘के’ यांच्या शेंड्यांना वेटोळे असते. ‘टी’ आणि ‘डी’ यांचे शेंडे मात्र सपाट कापलेले. मोठ्या अक्षरांचा कणा म्हणजे एक लांब, दोनदा वळलेली रेघ. तिची टोके थेंबासारख्या ठिपक्यात संपतात आणि भोवती गिरकी फिरते. लहान अक्षरांचे पोट त्यांच्या शेंड्यांच्या मानाने फार बुटके असते. म्हणूनच त्याच मापाच्या साध्या फॉन्टशेजारी हा फॉन्ट बराच लहान दिसतो.

सर्वांत नाजूक जागा सांध्याची. एका अक्षराची बाहेर पडणारी रेघ ज्या उंचीवर आणि ज्या कोनात संपते, तिथेच पुढच्या अक्षराची रेघ सुरू झाली पाहिजे. ‘एन’ किंवा ‘ए’ खालून वर जात बाहेर पडतात, ‘ओ’, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वरच्या अंगाने. लिहिणारा हात हे न कळत सांभाळतो, पुढे कोणते अक्षर येणार ते त्याला माहीत असते. खिळ्याला ते माहीत नसते.

हाताचे अक्षर खिळ्यात पाडण्याची हौस छापखान्याला जुनी. रॉबेर ग्रांजों याने १५५७ साली लियाँ येथे त्या काळच्या फ्रेंच हस्ताक्षरावरून सिव्हिलिते हा टाइप पाडला. पण तिरप्या राउंडहँडने खिळे पाडणाऱ्यांची कसोटी पाहिली. शिशाचा खिळा चौकोनी. झुकलेले अक्षर त्याच्या बाहेर ओघळते. बाहेर आलेला नाजूक भाग दाबाखाली तुटतो आणि दोन खिळ्यांमधल्या फटीत सांधा उघडा पडतो. १९व्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या फिर्मँ दिदो याने तिरप्या अंगाचे खिळे पाडले, म्हणजे खिळाच अक्षराबरोबर झुकला. ओळीच्या दोन्ही टोकांना त्रिकोणी तुकडे लावून ती सरळ चौकटीत बसवावी लागे. कामगिरी मोठीच होती, पण जुळाऱ्याला ती जाचक होती. इतर पुष्कळ कारखान्यांनी चौकोनी खिळ्यांवरच भागवले. जिथे खरी ऐट हवी तिथे, पत्रिकांवर आणि भेटकार्डांवर, कोरीव तांब्याचीच छपाई चालू राहिली.

फोटोटाइपसेटिंगने ही अडचण मुळातून काढली. तिथे खिळा नाही. फिल्मवरच्या अक्षरातून प्रकाश जातो आणि पुढच्या फोटोकागदावर प्रतिमा उमटते. दोन प्रतिमा एकमेकींवर चढू शकतात, त्यामुळे सांधा खरोखर जुळतो. १९६५ साली ब्रुकलिनच्या लायनोटाइपमध्ये रुजू झालेल्या कार्टरने नेमकी ही संधी ओळखली. तो १९३७ सालचा, लंडनचा. विशीच्या आत हॉलंडमधल्या एन्शेडे छापखान्यात पोलादी ठसे हाताने कोरायला शिकलेला. म्हणजे खिळ्याच्या मर्यादा त्याच्या बोटांना ठाऊक होत्या. शिशात जमणार नाही आणि फिल्मवर जमेल असे अक्षर म्हणून त्याने राउंडहँड निवडले आणि आदर्श म्हणून स्नेलचे कित्ते घेतले. निवड विचारपूर्वक होती, कारण फिरक्यांपेक्षा प्रमाणाला मानणाऱ्या शिक्षकाचे अक्षर यंत्राला जास्त मानवते. पुढे १९७२ साली जॉर्ज शेली या दुसऱ्या जुन्या उस्तादाच्या नावाने त्याने शेली स्क्रिप्ट केला. त्याची तीन रूपे आहेत, अन्दान्ते, अलेग्रो आणि व्होलान्ते. नावे संगीतातल्या लयींसारखी आणि प्रत्येकात लफ्फे आधीच्यापेक्षा अधिक. टेलिफोन डिरेक्टरीसाठीचा बेल सेंटेनिअल आणि संगणकाच्या पडद्यासाठीचा व्हर्डाना हेही याच माणसाचे काम. इतक्या दूरच्या टोकांवर सारख्याच जबाबदारीने काम करणारा दुसरा अक्षररचनाकार सापडणे कठीण.

स्नेल राउंडहँडची भावंडे अनेक. फ्रँकफर्टच्या स्टेम्पेल कारखान्यातून १९०२ साली निघालेला क्युन्स्टलर स्क्रिप्ट आजही संगणकांवर मिळतो. एड बेंगियाट यांचा १९९४चा एडवर्डियन स्क्रिप्ट पोलादी निबेचा ताण जास्त ठळक दाखवतो आणि म्हणून जास्त नाटकी वाटतो. हर्मान झाप्फ यांचा १९९८चा झाप्फिनो वेगळ्या जातीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना, १९४४ साली त्यांनी वहीत केलेल्या सुलेखनावर तो उभा आहे. हाताने लिहिलेली दोन ‘डी’ कधी तंतोतंत सारखी नसतात, हे त्यांना फॉन्टमध्ये आणायचे होते. म्हणून एकेका अक्षराची अनेक रूपे दिली. आजचे फॉन्ट शेजारचे अक्षर पाहून योग्य रूप आपोआप निवडू शकतात. शब्दाच्या शेवटी लांब शेपटी, मधोमध आखूड सांधा, दोन उंच अक्षरे लागोपाठ आली तर एकाचे वेटोळे कमी. खिळ्याला जे माहीत नव्हते ते आता फॉन्टला माहीत असते.

वापराकडे वळताना पहिली गोष्ट म्हणजे शब्दांची संख्या. हे अक्षर चार-सहा शब्दांपुरते आहे. पत्रिकेवर दोन नावे, प्रमाणपत्रावर एक नाव आणि पदवी, शुभेच्छापत्रावर एक ओळ. तारीख, वेळ, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक साध्या, सरळ फॉन्टमध्येच द्यावेत. आजीला मंगल कार्यालयाचा पत्ता चष्म्याशिवाय वाचता आला नाही, तर पत्रिकेचे पहिले काम हुकले. अख्खा परिच्छेद या अक्षरात घातला तर कल, सांधे आणि वेटोळी यांचे जाळे तयार होते आणि डोळा ओळ सोडतो.

दुसरी गोष्ट, फक्त मोठ्या अक्षरांत शब्द कधीही लिहू नये. राउंडहँडचे मोठे अक्षर एकट्याने उभे राहून मागे येणाऱ्या लहान अक्षरांना वाट देण्यासाठी असते. अशी सहा अक्षरे शेजारी उभी केली की सगळ्यांचे लफ्फे एकमेकांत अडकतात. आद्याक्षरे लिहायची असतील तर दोन किंवा तीन, तीही सुटी. नावांच्या पाट्यांवर ही चूक वारंवार दिसते आणि नाव वाचता न येणारी पाटी टांगली जाते.

तिसरी सूचना अक्षरांमधल्या अंतराची. ओळ रुंद करण्यासाठी अक्षरे फाकवली की सांधे तुटतात आणि प्रत्येक अक्षर शेपूट लोंबत असलेले दिसते. दोन्ही कडा सरळ करण्याच्या नादात संगणक हे स्वतःहून करतो, म्हणून ओळ मध्यावर किंवा डाव्या कडेला घ्यावी. माप मोठे ठेवावे आणि ओळींमध्ये सढळ जागा सोडावी, नाहीतर वरच्या ओळीची शेपटे खालच्या ओळीच्या शेंड्यांना भिडतात. ठळकपणा हवा असेल तर फॉन्टमध्येच असलेले जाड रूप घ्यावे. स्नेल राउंडहँडला बोल्ड आणि ब्लॅक अशी दोन रूपे आहेत. संगणकाने कृत्रिमरीत्या जाड केलेल्या अक्षराची वेटोळी बुजतात आणि भरण्या-ओसरण्याचा डौल संपतो.

छपाईचा प्रकार आधी विचारात घ्यावा लागतो. बारीक रेघ चांगल्या गुळगुळीत कागदावर ऑफसेटने टिकते. खरबरीत, शाई शोषणाऱ्या कागदावर ती फुटते. स्क्रीन छपाईत जाळीच्या छिद्रापेक्षा बारीक रेघ तुटक उमटते. काळ्या किंवा लाल पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर सोडले तर शाई आत पसरून रेघ खाते. सोनेरी वर्ख चढवताना याच्या उलट होऊन वेटोळी भरू शकतात. अशा कामांना थोडे जाड रूप आणि मोठे माप लागते. पितळी पाटी, करंडक, चांदीचे ताट किंवा घड्याळाची मागची बाजू यांवर मात्र हे अक्षर विलक्षण खुलते. तिथे ते पुन्हा धातूत कोरले जाते, आणि त्याची घडण त्यासाठीच झालेली आहे. भरतकामातही त्याला मान आहे. अक्षरे जोडलेली असल्याने धागा मध्येच तोडावा लागत नाही.

वाचनीयतेचा एक प्रश्न नवा आहे. अमेरिकेत २०१०च्या शालेय अभ्यासक्रमाच्या समान निकषांत अक्षरे जोडून लिहिण्याच्या हस्ताक्षराचा समावेश नव्हता, आणि अनेक शाळांतून ते मागे पडले. २०२४पासून कॅलिफोर्नियाने ते प्राथमिक वर्गांत पुन्हा बंधनकारक केले आहे. ज्याने हे अक्षर कधी गिरवलेच नाही त्याला जुन्या ढंगाचा ‘आर’ किंवा ‘झेड’ ओळखता येत नाही. सूचनाफलक, औषधाच्या चिठ्ठ्या, अर्ज अशा ठिकाणी म्हणूनच या फॉन्टला जागा नाही.

देवनागरीत याचे थेट भाषांतर होत नाही. देवनागरीची जाडी बोरूच्या कोनाची आणि तिच्या अक्षरांना एकत्र बांधते ती शिरोरेघ, पायथ्याचा सांधा नव्हे. मराठीला स्वतःचे लपेटीदार वळण आहे ते मोडीचे. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरे तिला लटकवत जायची. तेही दप्तराच्या कामातून घडले आणि तेही खिळ्यात पाडले गेले. १९व्या शतकाच्या आरंभी श्रीरामपूरच्या मिशन छापखान्याने मोडीचे खिळे वापरले. अच्युत पालव यांच्यासारख्या सुलेखनकारांनी मोडीची लय आजच्या देवनागरी अक्षरांत आणून दाखवली आहे.

दोन भाषांच्या पत्रिकेत दोन्ही वळणे शेजारी येतात तेव्हा राउंडहँडची नक्कल करू पाहणारी, जबरदस्तीने उजवीकडे कललेली देवनागरी घेण्याचा मोह होतो. तिची शिरोरेघ सरळ आणि खांब पडलेले अशी अवस्था होते. त्यापेक्षा बोरूच्या जाड-बारीक वळणाची, ताठ उभी देवनागरी घ्यावी, तिची सर्वांत जाड रेघ इंग्रजी अक्षराच्या सर्वांत जाड रेघेएवढी ठेवावी आणि इंग्रजीचे माप तिच्यापेक्षा चांगले मोठे घ्यावे, म्हणजे दोन्ही नावे कागदावर सारख्या वजनाची दिसतात.